रडू यावं म्हणून बंद केलेली गोळी

दिग्या, तू गेलास आणि मला रडू आलं नाही, म्हणून मी माझ्या गोळ्या बंद केल्या. डॉक्टरांना न विचारता, कोणाला न सांगता, तिसऱ्या दिवशी, एका फटक्यात.

आता मार कपाळावर हात. मला म्हण काय म्हणायचं ते. दोन वर्षं मला त्या गोळीवर टिकवून ठेवणारा तूच, आणि तुझ्याच नावाने मी ती सोडली. असला अक्कलशून्य हिशोब लालबागमध्ये एकच शिंपी करू शकतो, आणि त्याच्या दुकानातल्या स्टुलावर तू दर शनिवारी बसायचास.

तुझ्याकडची हकीकत तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. गुरुवारी सकाळी ड्युटीवर निघताना तू खुर्चीवर बसून बूट घालत होतास आणि तसाच कलंडलास. मी पोचलो तेव्हा एक बूट पायात होता आणि एक वहिनींच्या हातात. त्या तो खाली ठेवायलाच तयार नव्हत्या. सगळा मजला रडत होता. आणि मी, तुझा चाळीस वर्षांचा मित्र, तुझ्या पँटीच्या मोरीकडे, पायाच्या खालच्या घेराकडे, बघत होतो. उजव्या पायाची शिलाई अर्धा सूत वर गेली होती. माझीच शिलाई. मला वाटलं, ही उसवून परत मारायला हवी. बस्स, एवढंच वाटलं. आत दुसरं काही हललंच नाही.

मंडळाचे नाना माझ्या शेजारी उभे होते. दुसऱ्या कोणाला तरी हळूच म्हणाले, "डोक्याच्या गोळ्या खायचा ना हा. अकरा वर्षं. त्यानेच हार्ट बसलं."

दिग्या, सकाळचीच गोळी माझ्या पोटात होती. माझा हात आपोआप पोटावर गेला. नाना माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "भूक लागली काय रे? अग्नी दिल्याशिवाय काही खायचं नाही."

भीती तिथे सुरू झाली. अजून गेलेली नाही.

तुला तीन जिने खांद्यावरून उतरवलं. आयुष्यभर टॉवरमधल्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, राहायला लिफ्ट नसलेल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर. यावरून मी तुला किती पिडलं असेन! त्या दिवशी मात्र जिन्याच्या प्रत्येक वळणावर मला वाटत होतं, आता रडू येईल, आता येईल. भोईवाड्याच्या स्मशानापर्यंत वाट बघितली. आलं नाही. आणि चाळीत डोळे मोजणाऱ्या बायका काय कमी आहेत? दुसऱ्या दिवशी गॅलरीतून माझ्या कानावर पडेल अशा बेताने कोणीतरी बोललंच, "सुधाकरच्या डोळ्यात टिपूस नाही बघ. आणि म्हणे जिगरी."

म्हणून मी मिरची गल्लीत गेलो. हसू नकोस. एप्रिल महिना, मसाल्याचा सीझन, कुटायचे सगळे डंक चालू, आणि मी एका डंकाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. लाल मिरची कुटली जात होती. डंकवाला म्हणाला, "शेठ, माल कुठाय तुमचा?" मी म्हटलं, "माल नाही, असाच उभा आहे." त्याने माझ्याकडे जे बघितलं ना, तसं ओपीडीतही मला कोणी बघितलं नव्हतं. डोळे लालबुंद करून मी तुझ्या घरी गेलो. चेहरा पाडून वहिनींसमोर बसलो आणि शिंकायला लागलो. एकामागून एक. थांबेचना. वहिनी तशा अवस्थेतही म्हणाल्या, "भाऊजी, बाहेर जाऊन शिंका. आणि मसाला कुटून झाला असेल तर तोंड धुवा."

त्या रात्री मी ठरवलं की दोष गोळीचा आहे. गोळीने माझ्या डोळ्यांची मोरी बुजवली. मंदा कधीपासून म्हणतच होती, "पूर्वी भांडायचात तरी. आता भिंतीशी बोलल्यासारखं होतं." बायकोशी भांडण होत नाही, मित्र मेला तर रडू येत नाही, मग गोळीच्या आत उरलंय कोण? सकाळी दुकान उघडलं, बटणांच्या डब्यातून ती गोळ्यांची पट्टी काढली आणि कचऱ्यात टाकली. वर चिंध्या टाकल्या, म्हणजे पुन्हा हात जायला नको.

आता वाद आठवतो का बघ. माझी गोळी सुरू व्हायच्या आधी नऊ वर्षं तू त्या गोळ्या घेत होतास आणि नऊ वर्षं मी तुला शहाणपण शिकवत होतो. सकाळी चालायला जा. मन खंबीर कर. गरम दुधात हळद घाल. हळदीने मन कसं खंबीर होतं हे तू विचारलंस, तेव्हा मी विषय बदलला. वर माझ्याकडे पुरावा होता, टेप! गोळ्या सुरू झाल्या तेव्हा तुझी कंबर चौतीस. दीड वर्षात अडतीस. मी प्रत्येक पँट उसवून सोडवताना म्हणायचो, "बघ, ही तुझी मन:शांती. चार इंच." तू म्हणायचास, "सोडव रे. कापड आहे तोवर सोडव. चौतीसमध्ये मी बाथरूमची कडी आतून लावून दोन-दोन तास बसायचो, ते तुझ्या टेपवर नाही आलं."

तोटे तू कधी लपवले नाहीस, हे खरं. तोंड सुकतं, म्हणायचास. दुपारी झोप येते, मशीन रूममध्ये उभा असताना पण येते. आणि ती दुसरी गोष्ट, जी तू मला लिफ्टच्या भाषेत समजावलीस आणि जी मी इथे लिहीत नाही, कारण हे वहिनी वाचणार आहेत. पण शेवटी तुझं एकच पालुपद असायचं. "शिंप्या, गप रव. तुका काय कळता? गोळी म्हणजे मोटर नाही. ती मला वर नेत नाही. तो गव्हर्नर आहे. लिफ्ट वेगाने खाली सुटली की दोर आवळून धरणारं चाक. त्याने मी आनंदात नाही आलो. मी फक्त कोसळत नाही."

मी म्हणायचो, "म्हणजे जन्मभर दोर आवळलेला?"

"जन्मभर कोण म्हणालं? डॉक्टर सांगतील तेव्हा उतरवू. पण मजल्या-मजल्याने. मधूनच केबल कापत नाहीत."

आणि तरी मी तुझी केबल कापली. सहा वर्षांपूर्वीचा गणपती. तू कणकवलीकडे गावी निघाला होतास आणि मी शहाणा म्हणालो, "देवाच्या दारात जातोयस, आठवडाभर तरी त्या गोळ्या ठेव इथे. मोदकाबरोबर गोळी खाणार काय?" थट्टाच केली होती मी. पण तू मनाला लावून घेतलंस आणि पट्टी घरीच ठेवून गेलास. चौथ्या दिवशी आरतीला तुला उभं राहता येईना. मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायचं. सगळं घर झांजा वाजवतंय आणि तू माजघरात भिंतीकडे तोंड करून पडलेला. चुलतभावाने गाडी करून तुला मुंबईत आणलं.

परत आल्यावर तू मला एका शब्दाने बोलला नाहीस. माझ्यासमोर वहिनींना सांगितलंस की गोळ्या घाईत राहून गेल्या. मी स्टुलावर तुला चहा दिला आणि हवापाण्याच्या गोष्टी केल्या. माफी मागायची होती रे. मशीन चालू केलं की आवाजात मागू, असं मनाशी ठरवलं होतं. मग मशीन चालू केलं आणि आवाजात काहीच म्हटलं नाही. सहा वर्षं ती माफी तशीच राहिली, आणि आता ती मागायला माणूस नाही.

ती फजिती एकदा तुझ्यावर करून बघितली होती, आता स्वतःवर केली. माणूस दुसऱ्याच्या चुकीवरून शिकतो म्हणतात. मी माझ्याच चुकीवरून शिकलो नाही.

पहिले दोन दिवस मला हुशारी वाटली. बघ, काही होत नाही! तिसऱ्या दिवसापासून डोळे फिरवले की डोक्यात चर्रकन जायला लागलं, अगदी तू सांगितलं होतंस तसं. मशीनची सुई दोन दिसायची. एका लग्नाच्या कोटाला मी दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या, आणि नवरदेव ट्रायलला आला तेव्हा त्याच्यावरच ओरडलो, "हात सरळ ठेवा की!" बिचारा आरशात बघून आपला उजवा हात तपासत होता.

आणि रडू? आलं ना. भरपूर आलं. जाहिरातीत एक म्हातारी तेलाची बाटली उघडते, ते बघून आलं. वडापावच्या गाडीवर लाल चटणी संपली म्हणून आलं, तिथेच, चार लोकांसमोर. गाडीवाला घाबरून म्हणाला, "काका, हिरवी देतो ना." पण तुझ्यासाठी म्हणून नाही आलं. तुझा फोटो समोर घेऊन बसलो तरी नाही. ज्याच्यासाठी नळ सोडला, त्याचीच बादली कोरडी, आणि पाणी भलतीकडेच वाहतंय.

मग दुसऱ्या आठवड्यात पहाटे जाग यायला लागली. तू ओळखतोस ती जाग. अंगात कोणी नाही आणि छातीवर कोणीतरी बसलंय अशी. पंखा फिरतोय, मंदा झोपली आहे, सगळं जागेवर आहे आणि मला घाम फुटलाय. मी पडल्या पडल्या विचार करायचो. गोळी घेतली तर तुझ्यासारखं हार्ट बसेल. नाही घेतली तर तो मार्च परत येईल. दोन्ही बाजूंनी मी घाबरलेला, आणि मधे झोपायला जागा नाही.

त्या मार्चबद्दल आपण कधी नीट बोललो नाही. दोन वर्षं झाली. मी सकाळी दुकानाचं शटर उघडायचो, आत जायचो आणि आतून शटर पुन्हा ओढून घ्यायचो. बाहेर गिऱ्हाईक हाका मारायचं, आत मी न नेलेल्या ब्लाऊजच्या ढिगाशेजारी जमिनीवर बसलेला. का बसलोय, ते मलाही सांगता आलं नसतं. शिवणाऱ्या माणसाला सुईत दोरा ओवण्याचा कंटाळा नाही, भीती वाटायला लागली होती. सगळ्यांना वाटलं सुधाकर गावी गेला. तू एकट्यानेच शटरखालून वाकून बघितलंस आणि म्हणालास, "चप्पल दिसते आहे तुझी. उघड."

मी उघडलं. तू एकदाही म्हणाला नाहीस, "हळद घालून दूध पी." नऊ वर्षं मी तुला ऐकवलेल्या एकाही गोष्टीची परतफेड तू केली नाहीस. मला त्याचीच भीती होती. तू नुसता म्हणालास, "परळच्या हॉस्पिटलात जाऊन येऊ. मी येतो बरोबर."

ओपीडीत मी तोंडाला रुमाल बांधून बसलो होतो, कोणी ओळखू नये म्हणून. शेजारच्या बाईने दोन मिनिटं बघितलं आणि रुमालाला म्हणाली, "सुधाकरभाऊ, माझा ब्लाऊज झाला का हो?" तू इतका हसलास की नर्स बाहेर आली. मग ती बाई पण हसली, आणि मग जवळ सरकून म्हणाली, "घरी सांगू नका मी इथे दिसले म्हणून." मी म्हटलं, "तुम्ही पण." ब्लाऊज मी तिला चार दिवसांत दिला. गोळी सुरू झाल्यावर पंधरा दिवस नुसतं मळमळलं, आधी उलट धडधड वाढली, तू रोज संध्याकाळी येऊन म्हणायचास, "थांब, अजून पंधरा दिवस थांब." पाचव्या आठवड्यात एके दिवशी मी सुईत दोरा ओवला आणि ओवून झाल्यावर लक्षात आलं की ओवला. तुला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आपला शेवटचा शनिवार आठव. मी तुला विचारलं होतं, "दिग्या, गोळी घेतलेला तू खरा की न घेतलेला?" तू चहाचा ग्लास खाली ठेवलास, काहीतरी बोलणार होतास, तेवढ्यात कुठल्या तरी टॉवरमधून फोन आला, लिफ्टमध्ये कोणी अडकलं होतं. उठता उठता म्हणालास, "पुढच्या शनिवारी सांगतो." मी उत्तराची वाट बघत बसलोय. स्टुलावर कोणाला बसू देत नाही. गिऱ्हाईक बसायला गेलं की "पाय मोडलाय त्याचा" म्हणून सांगतो.

गेल्या गुरुवारी सकाळी पुन्हा शटर अर्धं खाली होतं. मी आत बसलो होतो. जमिनीवर नव्हतो बसलेला, अजून मशीनवरच होतो, पण जमिनीकडे बघत होतो आणि मला कळत होतं मी कशाकडे बघतोय. शटरखालून वाकून कोणीतरी आत आलं. वहिनी. तेरावा होऊन दोन दिवस झाले होते. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात तुझी जुनी ओपीडीची फाइल.

"बटण लावलं का?" त्यांनी विचारलं.

तुझाच प्रश्न, गोळी घेतली का हे विचारायची आपली खूण. आपल्याला वाटायचं आपल्या दोघांशिवाय कोणाला कळत नाही. मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि हात बटणांच्या डब्यावर ठेवला.

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. "परवा जेवायला बसलात तेव्हा मीठ वाढलं तरी डोळे भरले तुमचे. उठा, आज ओपीडी आहे."

"वहिनी, त्याचं हार्ट..."

"बीपीची गोळी ते आठवड्यातून चारदा विसरायचे. सिगरेट कधी विसरले नाहीत. ही गोळी पण कधी विसरले नाहीत, म्हणून तर अकरा वर्षं आमच्यात जेवायला बसले. नानांना काय माहीत? नाना येत होते का बाथरूमची कडी वाजवायला?"

लालबागच्या पुलाखालून आम्ही चालत निघालो. त्या पुढे, मी मागे. भारतमाता टॉकीजच्या सिग्नलपाशी माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, गणपतीला गोळ्या घाईत राहिल्या नव्हत्या. मी सांगितलं होतं त्याला ठेवून जायला."

त्या थांबल्या नाहीत. "माहीत आहे. त्यांनीच सांगितलं होतं. म्हणाले, सुध्याला काही बोलू नकोस, तो मनाला लावून घेईल."

दिग्या, तेव्हा मला रडू यायला हवं होतं. चांगल्या लिहिणाऱ्याने तिथे रडवलं असतं मला. मी फक्त एका उसाच्या रसवाल्याच्या गाडीला धरून उभा राहिलो. तो म्हणाला, "हाफ की फुल?"

डॉक्टर मॅडमनी काय सांगितलं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे तुझा जीव टांगणीला नको. गोळी परत सुरू झाली आहे, आधीच्या अर्ध्या डोसने. आज सहावा दिवस. डोक्यातलं चर्रकन कमी आलंय, पहाटेची जाग नाही. त्या म्हणाल्या, रडू न येणं गोळीमुळे असू शकतं, आणि मित्र अचानक गेला की नुसत्या धक्क्यानेही असं होतं. यातलं काय आहे हे आजच सांगता येणार नाही. बरं वाटल्यावर डोस बदलून बघू, दुसरी गोळी बघू, बंदच करायची म्हणालात तर तेही करू, पण महिने घेऊन, आणि मला विचारून. तुझ्या हार्टबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "त्यांचे कागद मी पूर्ण बघितलेले नाहीत, अंदाजाने बोलणार नाही. तुमचा कार्डिओग्राम मात्र आज काढू." काढला. ठीक आहे म्हणे. माझी भीती त्या कागदावर आली नाही. मधूनच तोडायची नाही, ही गोष्ट तर त्यांनी तुझीच सांगितली, फक्त लिफ्ट वगळून. ऐकताना मी मान हलवत होतो आणि मला तू ऐकू येत होतास.

म्हणजे फायदे-तोट्यांचा निकाल काही लागलेला नाही. मी घाबरत गिळतो. सकाळी पट्टी दाबली की तो कट्ट आवाज येतो आणि मला दर वेळी नाना आठवतात. गिळल्यावर थोडा वेळ छातीवर हात ठेवून बसतो. तू असतास तर नुसता स्टुलावर बसून राहिला असतास, आणि तेवढं पुरलं असतं. आता मला एकट्याने घाबरावं लागतं. आणि भीतीत सोबत द्यायला तुझ्याइतका मुरलेला माणूस मी आणणार कुठून?

हे सगळं मॅडम बोलल्या ते मात्र नंतर. आधी त्यांनी कागद ओढला आणि साधं विचारलं, "काय होतंय?" बस्स, मला कोणीतरी विचारलं म्हटल्यावर मी सुटलो. दोन डाव्या बाह्या सांगितल्या. नवरदेव कसा हात तपासत होता ते उभं राहून करून दाखवलं. तेलाच्या बाटलीवाली म्हातारी सांगितली, लाल चटणी सांगितली. मॅडमना हसू येत होतं, मला चेव चढत होता. दाराशी लाइन खोळंबली होती, पेन कागदावर तसंच उभं होतं, आणि मी आता मिरची गल्लीकडे वळणार, तेवढ्यात वहिनींनी फाइल टेबलावर ठेवली.

"डॉक्टर, यांचं ऐकत बसलात तर इथेच संध्याकाळ होईल," त्या म्हणाल्या. "माणूस घाबरलाय. एवढंच लिहा."